खारघरचं गोल्फ कोर्स पनवेल महापालिकेनं घ्यावं का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सिडकोनं, म्हणजे नवी मुंबई वसवणाऱ्या सरकारी कंपनीनं, उभ्या केलेल्या वसाहतींमधल्या सोयी एकेक करून महापालिकेकडे सरकत आल्या आहेत. त्या रांगेत गोल्फ कोर्स यावं की नाही, यावर सोसायटीच्या बैठकीत, सकाळी फिरणाऱ्यांच्या कट्ट्यावर वाद होतो आणि बहुतेक वेळा तो ‘श्रीमंतांचे चोचले’ विरुद्ध ‘शहराची शान’ यावर येऊन थांबतो. हे पान कुठल्या एका ठरावाच्या बाजूनं किंवा विरोधात लिहिलेलं नाही. असा ठराव महासभेपुढे येईल त्या दिवशी नागरिकाला काय विचारायचं हे ठाऊक असावं, एवढ्यासाठी ते आहे. आमचं मत आम्ही लपवलेलं नाही. ते जागोजागी दिसेल.

हे गोल्फ कोर्स आहे कुणाचं?

सिडकोचं. खारघरच्या डोंगराच्या पायथ्याशी, सेंट्रल पार्कच्या पलीकडच्या खोऱ्यात ते सिडकोनं उभारलं. सुरुवातीला ते पूर्ण १८ होल्सचं (होल म्हणजे चेंडू टाकायचा खड्डा) नव्हतं. विस्ताराचा विषय नंतर आला. मुंबईतल्या जुन्या क्लबांसारखं पिढीजात सभासदांपुरतं न ठेवता, पैसे भरून कुणालाही खेळता यावं, ही त्यामागची कल्पना. ‘सार्वजनिक’ हा शब्द त्या अर्थानं आहे. कुणीही आत जाऊन चटई अंथरून बसावं, असा त्याचा अर्थ नाही आणि निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो.

मग यात महापालिका कुठून आली?

पनवेलची नगरपालिका १८५२ सालची, राज्यातल्या सर्वात जुन्यांपैकी एक. तिची महापालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ रोजी आणि त्याच वेळी खारघर, कळंबोली, कामोठे, नवीन पनवेल, तळोजा हा सिडकोनं वसवलेला पट्टा तिच्या हद्दीत आला. म्हणजे कर घेणारी संस्था एक आणि जमीन, नकाशा, पाइपलाइन ज्याच्या कपाटात ती संस्था दुसरी. २०१६ पासूनच्या मालमत्ता कराच्या वेळी हेच झालं होतं. सिडकोला सेवाशुल्क भरत असताना महापालिकेचा कर पुन्हा कशासाठी, असं म्हणत लोक रस्त्यावर आले. गोल्फ कोर्सचा प्रश्न त्याच भांडणाचा पुढचा अंक आहे.

महापालिकेवर ते घेण्याचं बंधन आहे का?

नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कामांचे दोन गट आहेत. कलम ६३ मधली बंधनकारक: पाणी, सफाई, गटारं, दिवाबत्ती, रस्ते वगैरे. कलम ६६ मधली ऐच्छिक: उद्यानं, मैदानं, करमणुकीच्या जागा या गटात बसतात. राज्यघटनेच्या बाराव्या अनुसूचीत उद्यानं आणि क्रीडांगणं हा शहरी संस्थांचा विषय म्हणून आहे खरा, पण त्यातून ‘गोल्फ कोर्स चालवलंच पाहिजे’ असं निघत नाही. कुणी सभागृहात ‘कायद्यानं घ्यावंच लागेल’ असं म्हणालं, तर कलम विचारा.

‘ताब्यात घेणं’ म्हणजे नेमकं काय काय होऊ शकतं?

सगळ्या चर्चेची मेख इथं आहे, म्हणून जरा सविस्तर.

पहिला प्रकार: जमीन मालकी हक्कानं महापालिकेच्या नावावर होते. मालमत्ता पत्रकावर महापालिकेचं नाव लागतं. उद्या तिथं काय व्हावं, काय होऊ नये, हे ठरवणारे लोक आपण निवडून दिलेले असतात.

दुसरा: जमीन सिडकोचीच राहते, महापालिकेला भाडेपट्ट्यानं मिळते. भाडेपट्टा किती वर्षांचा, वापर बदलायचा अधिकार कुणाकडे, मुदत संपल्यावर वर उभारलेल्या गोष्टी कुणाच्या, यावर सगळं अवलंबून.

तिसरा: फक्त चालवायला मिळतं. तिकीट महापालिकेनं फाडायचं, हिशेब सिडकोला द्यायचा.

चौथा, आणि सर्वात घातक: जमीन सिडकोकडे, निर्णय सिडकोकडे, देखभाल-दुरुस्ती महापालिकेकडे. गवत आपल्या करातून कापायचं आणि एक दिवस त्यातला एखादा तुकडा भूखंड म्हणून निविदेत दिसला की पत्रव्यवहार करत बसायचं. आयजीच्या जिवावर बायजी उदार, अशातली गत.

आमचं म्हणणं सरळ आहे. जमीन मिळत असेल आणि तिच्यावर मोकळ्या जागेचं आरक्षण पक्कं होत असेल, तर घ्यावं. नुसती देखभाल गळ्यात येत असेल, तर घेऊ नये. गोल्फ चांगला की वाईट, हा त्यानंतरचा प्रश्न.

ठरावात हे कसं ओळखायचं?

शब्दांवरून. ‘हस्तांतरण’ हा शब्द चारही प्रकारांना वापरला जातो, त्यामुळे त्यावर थांबू नका. ‘मालकी हक्कासह’ असं लिहिलंय का ते बघा. ‘देखभालीकरिता’, ‘तात्पुरत्या स्वरूपात’, ‘जसे आहे तसे’ हे शब्द दिसले की कान टवकारा.

‘जसे आहे तसे’ बद्दल थोडं अधिक. नगरपालिकेच्या लेखा विभागात असताना एका उद्यानाच्या ताब्याच्या वेळी मी संयुक्त पाहणीला गेलो होतो. देणाऱ्या कार्यालयाचे कनिष्ठ अभियंता हातात यादी घेऊन वाचत होते, आमचे अभियंता बरोबरच्या खुणा करत होते. ‘पंप, १ नग.’ पंपघराचं कुलूप उघडलं. पंप होता. त्याला जोडलेली मोटर नव्हती. काँक्रीटच्या चौथऱ्यावर नटांचे चार गंजके ठिपके आणि भिंतीतून बाहेर आलेल्या तीन वायरी, टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळलेला. यादीत ‘मोटरसह’ लिहिलेलं नव्हतं, म्हणून यादी बरोबर ठरली. ती मोटर पुढच्या अंदाजपत्रकात आमच्या नावावर पडली. गोल्फ कोर्सवर असे पंप, झडपा, भूमिगत पाइप आणि यंत्रं उद्यानापेक्षा कितीतरी जास्त असतात. ताबा पावतीवर सही होण्याआधी प्रत्येक यंत्र चालू करून दाखवा, एवढी एक अट घातली तरी पुढचे बरेच वाद टळतात.

खर्च नेमका कशावर होतो? गवतच तर कापायचं असतं.

गवतच कापायचं असतं, पण कसं ते पाहा. होलच्या भोवतालचा जो हिरवा गालिचा असतो, त्याला ग्रीन म्हणतात. तिथलं गवत तीन-चार मिलिमीटरवर ठेवावं लागतं, म्हणजे हंगामात जवळजवळ रोज कापणी. त्यासाठी रीलचं यंत्र लागतं. आपल्या उद्यान विभागातलं फिरत्या पात्याचं यंत्र तिथं चालवलं तर गवत मुळासकट सोलून निघतं. रीलच्या पात्यांना धार लावणारा माणूसही वेगळा. मग फेअरवे, म्हणजे मधली लांबलचक पट्टी, तिची कापणी वेगळ्या उंचीवर. वाळूचे खड्डे रोज सारखे करायचे. पावसानंतर गवताला बुरशी धरते, तिची औषधं. खतं. आणि ग्रीनवर मधून मधून छिद्रं पाडून वाळू भरणं, नाहीतर जमीन घट्ट होते आणि मुळं गुदमरतात.

यात महापालिकेच्या पद्धतीनं मोठी अडचण एकच आहे: वेळ. आपल्याकडे यंत्राचा सुटा भाग आणायचा तर मागणीपत्र, तीन दरपत्रकं, मंजुरी, बिल. तोवर दोन-तीन आठवडे जातात. रस्त्यावरचा खड्डा दोन आठवडे थांबतो (थांबू नये, पण थांबतो). ग्रीन थांबत नाही. दोन आठवडे कापणी चुकली तर ती जागा पुन्हा खेळण्याजोगी करायला पुढे महिने जातात. म्हणून कोर्स घ्यायचं ठरलं, तर ते उद्यान विभागाच्या नेहमीच्या रहाटगाडग्याला बांधून चालणार नाही. स्वतंत्र खातं, स्वतंत्र लेखाशीर्ष आणि ठरावीक मर्यादेपर्यंत जागेवरच खर्च करण्याचा अधिकार असलेला व्यवस्थापक लागेल.

आकडे आम्ही इथं देत नाही, कारण खरे आकडे एकाच ठिकाणी आहेत: सिडकोच्या मागच्या तीन ते पाच वर्षांच्या जमाखर्चात. ते समोर ठेवल्याशिवाय महासभेनं मत द्यायला बसूच नये. वीजबिल, पाणीबिल, मनुष्यबळ, यंत्रांची दुरुस्ती, खतं-औषधं आणि यंत्रं बदलण्याचा खर्च वेगवेगळा मागा. शेवटचा आकडा बहुधा गायब असतो. यंत्रं जुनी झालेली असतात आणि नेमकी ती बदलायची वेळ आली की हस्तांतरणाची घाई सुरू होते.

तिकिटातून खर्च निघेल का?

कागदावर हिशेब करून बघू. गोल्फमध्ये चौघांचा एक गट सुटतो, मग दहा मिनिटांनी दुसरा. तासाला सहा गट, म्हणजे २४ माणसं. सकाळी साडेसहापासून दुपारी दीडपर्यंत एकही गट न चुकता सुटला, तर सात तासांत १६८ खेळाडू. ही झाली कमाल मर्यादा. प्रत्यक्षात मंगळवारी सकाळी अकराला कोकणातल्या उन्हात चौघं जमत नाहीत, आणि जून ते सप्टेंबर बरेच दिवस पाण्यातच जातात. रविवार भरलेला, बाकी आठवडा रिकामा, असंच चित्र असतं.

म्हणून जगभरातल्या सार्वजनिक कोर्सवर निव्वळ खेळाच्या शुल्काशिवाय इतर उत्पन्न धरावं लागतं: सरावाची जागा म्हणजे ड्रायव्हिंग रेंज, उपाहारगृह, प्रशिक्षण वर्ग, स्पर्धांचं भाडं. ड्रायव्हिंग रेंज हा त्यातला सगळ्यात कामाचा भाग. तिथं तासाला चोवीसची मर्यादा नसते, जागा कमी लागते, आणि ज्यानं आयुष्यात काठी हातात धरली नाही असा कॉलेजचा मुलगाही शंभर चेंडूंची बादली घेऊन उभा राहू शकतो. महापालिकेला गोल्फ लोकांपर्यंत न्यायचा असेल तर दार तेच आहे.

तरीही कोर्स नफ्यात चालेल असं गृहीत धरून घेऊ नये. उद्यानं नफ्यात चालत नाहीत, वाचनालयं चालत नाहीत. तूट किती झेलायची, हे आधी आकड्यात ठरवावं आणि दरवर्षी अंदाजपत्रकात उघडपणे दाखवावं. ‘स्वयंपूर्ण प्रकल्प’ हा शब्द प्रस्तावात दिसला तर समजा की हिशेब केलेला नाही.

उन्हाळ्यात आमच्या नळाला पाणी नसतं आणि तिथं फवारे उडतात. हे कसं चालेल?

चालू नये. या प्रश्नावर आम्ही तडजोडीच्या बाजूचे नाही.

खारघरचं पाणी मुख्यतः पेण तालुक्यातल्या हेटवणे धरणाच्या भरवशावर आहे आणि एप्रिल-मे मध्ये इथल्या सोसायट्यांच्या दारात टँकर दिसणं नवं नाही. कोकणाची गंमत ही की वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस चार महिन्यांत कोसळतो, डोंगरावरून तासाभरात खाडीला मिळतो, आणि नोव्हेंबरपासून आपण टाकीत डोकावायला लागतो. गोल्फच्या गवताला पाणी लागतं नेमकं त्या उरलेल्या आठ महिन्यांत.

मार्ग दोन. पहिला: सांडपाणी प्रक्रिया केंद्रातलं पाणी आणखी शुद्ध करून तिथं वापरायचं. चंदीगडच्या गोल्फ कोर्सला असं पाणी दिलं जातं; नवी मुंबई महापालिका प्रक्रिया केलेलं पाणी उद्योगांना पुरवते. दुसरा: कोर्सच्या आतली तळी पावसाळ्यात भरून घ्यायची आणि तेवढ्यावर भागवायचं, भागलं नाही तर फेअरवे वाळू द्यायचे. पिवळं पडलेलं गवत म्हणजे काही बदनामी नाही. पावसाच्या पहिल्या सरीला ते पुन्हा उठतं. फक्त ग्रीन आणि टी (जिथून पहिला फटका मारतात ती जागा) एवढ्याच जागा ओल्या ठेवल्या तरी खेळ चालतो.

ठरावात एक ओळ मागा: ‘पिण्याच्या पाण्याची कोणतीही जोडणी मैदानाच्या सिंचनासाठी वापरली जाणार नाही.’ ही ओळ घालायला कुणी आढेवेढे घेतले तर कारण विचारा.

पावसाळ्यात ते बंदच असतं ना?

मुसळधार दिवसांत खेळ नसतो. माणसं, पगार, पंप आणि गवताची वाढ मात्र चालूच. जुलैत गवत सर्वात जास्त वाढतं आणि यंत्र चिखलात घालता येत नाही.

गोल्फ श्रीमंतांचा खेळ. त्यासाठी खारघरमधल्या बेलपाडा किंवा मुर्बी गावातल्या माणसानं कर का द्यावा?

आजच्या स्वरूपात द्यावा असं आम्हालाही वाटत नाही. पण उत्तर ‘बंद करा’ हे एकच नाही.

स्कॉटलंडमधलं सेंट अँड्र्यूज हे गोल्फचं माहेर मानलं जातं. तिथल्या ओल्ड कोर्सवर रविवारी खेळ बंद असतो. लोक कुत्री घेऊन, मुलं घेऊन ज्या फेअरवेवर जगातले मोठे खेळाडू खेळतात त्यावर फिरतात. गावातल्या रहिवाशाला वर्षाचा पास बाहेरच्या पाहुण्याच्या मानानं फारच स्वस्तात मिळतो, आणि बाहेरच्याला खेळायचं असेल तर चिठ्ठ्या टाकून नंबर लावला जातो. म्हणजे जागा एकाच वेळी खेळाडूंची आणि गावाची असू शकते. त्यासाठी नियम मात्र मालकानं करावे लागतात, आणि मालक गाव असावं लागतं.

खारघरमध्ये काय करता येईल? आठवड्यातून एक दिवस पूर्ण कोर्स चालणाऱ्यांसाठी खुला. बाकी दिवशी कडेनं, चेंडूच्या माऱ्याबाहेरून, पायवाट. महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना ड्रायव्हिंग रेंजवर ठरावीक तास फुकट. रहिवासी आणि बाहेरचे असे दोन दर. हे चारही मुद्दे ठरावात लिहून घ्यायचे आहेत; ‘पुढे विचार करू’ या आश्वासनावर सोडायचे नाहीत.

असं दुसऱ्या कुठल्या शहरानं केलंय?

केलंय, आणि प्रत्येक ठिकाणची गोष्ट वेगळी.

सेंट अँड्र्यूजचीच घ्या. अठराव्या शतकाच्या शेवटी तिथली नगरपरिषद कर्जात बुडाली आणि ही किनाऱ्यालगतची जमीन हातची घालवून बसली. ती गेली सशांचा धंदा करणाऱ्या व्यापाऱ्यांकडे. सशांनी मैदान पोखरलं, गोल्फवाले आणि ससेवाले यांच्यात वर्षानुवर्षं कोर्टकज्जे चालले. शेवटी १८९४ मध्ये संसदेचा खास कायदा होऊन गावानं जमीन परत आपल्याकडे घेतली. १९७४ पासून एक ट्रस्ट कारभार बघतो, पण जमीन सार्वजनिक. एकदा सुटलेली जमीन परत घ्यायला किती वर्षं आणि केवढा खटाटोप लागतो, याचं हे उदाहरण.

दिल्लीत दिल्ली विकास प्राधिकरणानं, म्हणजे साधारण आपल्या सिडकोच्या जातीच्या संस्थेनं, लाडो सरायजवळ कुतुब गोल्फ कोर्स आणि उत्तरेला भलस्वा इथं दुसरं, अशी सार्वजनिक कोर्स उभारली आणि ती स्वतःकडेच ठेवली. महानगरपालिकेच्या गळ्यात घातली नाहीत. हाही एक पर्याय आहे: सिडकोनं बांधलं, सिडकोनंच चालवावं, आपण फक्त अटी मागाव्यात.

मुंबईत गोल्फचं नाही, पण महालक्ष्मी रेसकोर्सचं प्रकरण जवळचं. २११ एकर जागा, भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. पुढचा निर्णय व्हायला दहा वर्षांहून जास्त काळ गेला. २०२४ मध्ये १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी आणि ९१ एकर घोड्यांच्या शर्यतीसाठी, अशी वाटणी झाली. यातून घ्यायचा मुद्दा: सगळं किंवा काहीच नाही, असं नसतं. निम्म्याहून जास्त जागा लोकांसाठी मोकळी करून उरलेल्या भागात खेळ चालू ठेवता येतो. खारघरला १८ ऐवजी ९ होल्स ठेवून बाकी जागा डोंगराकडच्या पायवाटांसाठी आणि झाडोऱ्यासाठी दिली, तर किती कुटुंबांचा रविवार बदलेल याचा विचार करा. आम्हाला व्यक्तिशः हा पर्याय सर्वात आवडतो.

अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहराच्या मालकीचं शार्प पार्क हे समुद्राकाठचं गोल्फ कोर्स १९३२ सालचं, आणि ते आहे शेजारच्या पॅसिफिका शहराच्या हद्दीत. तिथल्या पाणथळीत संरक्षित बेडूक आणि साप निघाले, खटले उभे राहिले. २०११ मध्ये नगरमंडळानं ते राष्ट्रीय उद्यान खात्याकडे देण्याच्या दिशेनं ठराव केला, महापौरांनी नकाराधिकार वापरून तो फेटाळला. मालक एक, हद्द दुसऱ्याची, असं असलं की वाद लांबत जातो. आपल्याला हे नवीन सांगायला नको.

आणि आपल्याच शेजारचं, खेळाशी संबंध नसलेलं उदाहरण: नवी मुंबई महापालिकेनं मोरबे धरण महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडून विकत घेतलं. भाड्यानं नाही, चालवायलाही नाही; विकत. आज त्या शहराच्या पाण्याची स्थिती आणि आपली, यात फरक का आहे याचं मोठं कारण ते आहे.

ठेकेदाराला चालवायला दिलं तर डोकेदुखी टळेल का?

काही अंशी. यंत्रं, माणसं, सुटे भाग यांची कटकट त्याच्याकडे जाते. पण मुदत लांब ठेवली तर जमीन व्यवहारात त्याचीच होऊन बसते. आधी क्लबहाऊस, मग लग्नाचा हॉल, मग रात्री बारापर्यंत डीजे. महापालिकेची मालमत्ता बाजारभावापेक्षा कमी मोबदल्यात देता येत नाही, असं अधिनियमाचं कलम ७९ सांगतं. त्यामुळे ‘नाममात्र दरानं’ असा प्रस्ताव आला तर त्याला कायद्याचा आधार काय, हे विचारता येतं. मुदत छोटी, दर महापालिकेनं ठरवलेले, कायमस्वरूपी बांधकामाला बंदी आणि हिशेब तपासण्याचा हक्क, एवढं हवंच.

गोल्फ नको. तिथं रुग्णालय, शाळा, घरं का नकोत?

रुग्णालय हवं, शाळाही हवी. पण त्यासाठी सिडकोकडे आरक्षित भूखंड आहेत, ते मागा. डोंगराच्या पायथ्याची मोकळी जागा एकदा बांधकामाला खुली झाली की तिथं शेवटी काय उभं राहतं ते आपण सगळ्यांनी पाहिलेलं आहे. आवळा देऊन कोहळा काढणारे इथं कमी नाहीत.

उलट दिशेचं उदाहरणही आहे. नेरुळला पाम बीच रोडलगतच्या पाणथळ जागेवर गोल्फ कोर्स आणि घरं, असा बेत होता. तिथले रहिवासी न्यायालयात गेले आणि २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं निकाल दिला. प्रकरण पुढे सर्वोच्च न्यायालयातही गेलं. म्हणजे गोल्फ कोर्स कधी मोकळ्या जागेचा राखणदार असतं, तर कधी घरांच्या प्रकल्पाला लावलेलं हिरवं तोरण. खारघरचं पहिल्या प्रकारात ठेवायचं असेल, तर जमिनीचा वापर विकास आराखड्यात बांधून घ्यावा लागेल. आराखड्यात फेरबदल करायचा तर प्रादेशिक व नगररचना अधिनियमाच्या कलम ३७ खाली नोटीस काढून हरकती-सूचना मागवाव्या लागतात. ती नोटीस बहुधा वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, बारीक टाइपात येते. कुणीतरी रोज ते पान बघायची जबाबदारी घ्यावी.

निसर्गाचं काय? गोल्फ कोर्स हिरवं असतं म्हणजे चांगलंच ना?

हिरवं आणि जिवंत यात अंतर आहे. एकाच जातीचं, औषध मारलेलं, तीन मिलिमीटरचं गवत फुलपाखराच्या काही उपयोगाचं नाही. पण कोर्सचा मोठा भाग असा नसतोच. कडेचं वाढलेलं गवत, झाडांचे पट्टे, तळी, ओढ्याचा काठ यांत पक्षी राहतात. तो भाग वाढवायचा आणि ग्रीनचा आटोक्यात ठेवायचा, हे व्यवस्थापकाच्या हातात असतं.

जास्त काळजी पाण्याची. पांडवकड्याच्या डोंगरावरून उतरणारं पाणी खालच्या ओढ्यांतून खाडीकडे जातं. ऐन जूनमध्ये खत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी धो-धो कोसळला, तर ते खत गवताला न लागता खाडीत. खाडीत आजही मासेमारी करणारी कुटुंबं आहेत आणि तिवरांत कोल्हे. खत-औषधांची नोंदवही लोकांना बघता यावी आणि ओढ्याच्या पाण्याची तपासणी पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यात व्हावी. रात्री झगमगाटी दिवे लावून खेळ चालवण्याची कल्पना कुणाला सुचली तर तिला सुरुवातीलाच नकार द्यावा.

ज्यांच्या जमिनी गेल्या त्यांचं काय?

ओवे, पेठ, मुर्बी, कोपरा, बेलपाडा या गावांच्या जमिनींवर खारघर उभं आहे. साडेबारा टक्क्यांची योजना (संपादित जमिनीच्या बदल्यात तेवढी विकसित जमीन परत देण्याची), तिचे रखडलेले दावे, हे सगळं गोल्फ कोर्सच्या ठरावानं सुटणार नाही आणि त्यात गुंतवूही नये. पण दोन गोष्टी ठरावात येऊ शकतात. माळी, यंत्रचालक, कॅडी (खेळाडूची पिशवी वाहणारे), सुरक्षारक्षक यांच्या भरतीत प्रकल्पग्रस्त कुटुंबांना प्राधान्य. आणि फणसवाडी, चाफेवाडीसारख्या डोंगरावरच्या आदिवासी पाड्यांच्या वहिवाटीच्या वाटांना कुंपणानं अडवायचं नाही.

आज काम करणाऱ्या कंत्राटी कामगारांचं काय होणार, हे कुणी विचारत नाही. त्यांची यादी, थकीत भविष्यनिर्वाह निधी, कंत्राटाची उरलेली मुदत ताब्याच्या कागदांत असायलाच हवी.

यामुळे मालमत्ता कर वाढेल का?

फक्त याच्यामुळे नाही.

महासभेत ठराव मंजूर झाला की विषय संपला?

नाही. अधिनियमाच्या कलम ४५१ नुसार राज्य सरकारला महापालिकेचा ठराव निलंबित करता येतो. शिवाय जमीन देण्याचा निर्णय सिडकोच्या संचालक मंडळानं घ्यावा लागेल, आणि सिडको ही राज्य सरकारची कंपनी. म्हणजे किल्ली मंत्रालयात आहे. पनवेलचे आमदार या विषयावर काय म्हणतात, हे नगरसेवकाच्या मताइतकंच महत्त्वाचं.

मी एकट्यानं काय करू शकतो?

माहितीचा अधिकार वापरा. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून, सिडको भवन, बेलापूर इथल्या जन माहिती अधिकाऱ्याच्या नावे अर्ज करा. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, म्हणून पाल्हाळ नको. उत्तर ३० दिवसांत येणं अपेक्षित आहे; आलं नाही तर त्याच कार्यालयात पहिलं अपील. अर्जाचा मजकूर असा ठेवता येईल:

‘विषय: खारघर येथील गोल्फ कोर्स. कृपया पुढील कागदपत्रांच्या प्रती मिळाव्यात. १) जमिनीचं मालमत्ता पत्रक अथवा सातबारा आणि मोजणी नकाशा. २) मागील पाच आर्थिक वर्षांचा जमाखर्च, वीज व पाणी देयकांसह. ३) सध्या लागू असलेली सर्व कंत्राटं. ४) यंत्रसामग्रीची नोंदवही, खरेदीच्या वर्षासह. ५) पनवेल महानगरपालिकेशी हस्तांतरणाबाबत झालेला पत्रव्यवहार. ६) प्रलंबित न्यायालयीन प्रकरणांची यादी.’

तिसऱ्या आणि पाचव्या मुद्द्यावर ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर आलं तर प्रत्यक्ष अभिलेख तपासणीची मागणी करा. फाइल समोर उघडून बसलं की पुष्कळ काही उपलब्ध होतं. मिळालेल्या प्रती आपल्या प्रभागाच्या नगरसेवकाला पोच घेऊन द्या.